हिटलर आदर्श कसा? शाळेत शिकवायलाच हवा असा एक इतिहास

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी काही प्राध्यापक नाही. सूतगिरणीत पाळी करणारा कामगार आहे. शाळा दहावीला सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. रात्रपाळी करून आल्यावर झोप येत नसे, तेव्हा पुस्तक हातात घ्यायची सवय लागली ती आजतागायत सुटली नाही. त्यामुळे माझ्या बोलण्यात पंडिती भाषा सापडणार नाही. पण जे सांगणार आहे ते वाचून, पडताळून सांगणार आहे.

आजचा विषय ऐकून काहीजणांना आश्चर्य वाटेल. विषय आहे ज्यू लोकांचा, ज्यांना आपण यहुदी म्हणतो त्यांचा. युरोपात त्यांच्यावर जो संहार ओढवला त्याचा, आणि तो आपल्या मुलांना शाळेत नीट का शिकवला पाहिजे याचा. तुम्ही म्हणाल, आपल्या हिंगोली जिल्ह्यात ज्यू कुठे आहेत? ज्यू माणूस प्रत्यक्ष पाहिलाय त्याने हात वर करा, असे मी म्हटले तर बहुधा एकही हात वर होणार नाही. मग आपल्याला काय करायचे त्यांचे?

मित्रहो, ज्यू आपल्याकडे नाहीत, पण हिटलर आहे. खरे सांगतो. आपल्या वस्तीतल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरांशी बोला. "या देशाला एक हिटलर पाहिजे, मग बघा कसे सरळ होतील सगळे," असे वाक्य तुम्ही ऐकले नसेल तर नवल. कडक हेडमास्तरला पोरे कौतुकाने हिटलर म्हणतात. टीव्हीवर २०११ साली 'हिटलर दीदी' नावाची मालिका लागली, घरोघर बघितली. बसस्टँडवर, रेल्वे स्टेशनवर पुस्तकाच्या गाड्यावर जा. व्यक्तिमत्त्व विकास, झटपट श्रीमंत होण्याचे मार्ग, आणि त्यांच्या शेजारी हिटलरचे आत्मचरित्र. ते इतिहास म्हणून विकले जात नाही, यशाचा गुरुमंत्र म्हणून विकले जाते. २००६ साली नवी मुंबईत खारघरला एकाने हॉटेल काढले, त्याचे नाव 'हिटलर्स क्रॉस'. मुंबईच्या ज्यू बांधवांनी हरकत घेतली तेव्हा ते नाव बदलले. २०१२ साली अहमदाबादेत कपड्याच्या दुकानाला हिटलरचे नाव दिले, तेही ओरड झाल्यावर उतरवले. २००४-०५ च्या सुमारास गुजरात बोर्डाच्या दहावीच्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात हिटलरच्या कारभाराचे गुणगान होते आणि ज्यूंच्या कत्तलीवर मौन होते. त्यावरही गदारोळ झाला.

बारकाईने बघा, हे करणाऱ्या लोकांच्या मनात ज्यूंबद्दल राग होता असे दिसत नाही. त्यांना काही माहीतच नव्हते. आणि आमच्या पोरांचीही तीच गत आहे. द्वेष नाही, अज्ञान आहे. पण अज्ञानाच्या जमिनीत द्वेषाचे बी लवकर रुजते, हे आपल्याइतके कुणाला ठाऊक असणार?

म्हणून आधी घडले काय ते थोडक्यात सांगतो. १९३३ साली जर्मनीत ज्यूंची संख्या सव्वापाच लाखाच्या आसपास होती. देशाची लोकसंख्या साडेसहा कोटी. म्हणजे शंभरात एक माणूससुद्धा भरत नाही. आणि प्रचार काय? तर हेच सगळा देश गिळून बसलेत. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिलला ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार. १० मे ला पुस्तकांच्या होळ्या. १५ सप्टेंबर १९३५ ला न्यूरेंबर्गचे कायदे झाले. ज्यू हा देशाचा नागरिक नाही, आणि ज्यू व जर्मन यांचे लग्न हा गुन्हा. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री त्यांची प्रार्थनास्थळे जाळली, दुकाने फोडली. सप्टेंबर १९४१ पासून कपड्यावर पिवळा तारा शिवूनच घराबाहेर पडायचे. आणि त्यानंतर विषारी वायूच्या कोठड्या. १९४५ पर्यंत साठ लाख ज्यू मारले गेले, त्यात सुमारे पंधरा लाख लेकरे. एकट्या आउशवित्झच्या छावणीत अकरा लाखांच्या आसपास माणसे मारली. ज्यूंबरोबर जिप्सी म्हटले जाणारे रोमा लोक मारले. वेडे, अपंग म्हणून जर्मनांचीच हजारो माणसे दवाखान्यात नेऊन मारली.

या यादीत मुलांनी एक गोष्ट पाहायची. पहिल्या दिवशी कोणी कोणाला मारले नाही. आधी नाव वेगळे पाडले. मग दुकान, मग नोकरी, मग लग्न, मग शाळा, मग राहण्याची जागा, आणि मग जीव. बहिष्कारापासून कत्तलीपर्यंत एकेक पायरी होती, आणि प्रत्येक पायरीवर शेजारी म्हणाला, "जाऊ दे, आपल्याला काय त्याचे?"

यात शाळेचा वाटा मोठा होता, आणि माझा आजचा मुद्दाच तो आहे. १९३३ च्या एप्रिलमध्येच कायदा करून शाळा-कॉलेजात ज्यू मुलांच्या जागांवर मर्यादा घातली, आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये सरकारी शाळांतून सगळ्यांना बाहेर काढले. वर्गात 'वंशशास्त्र' हा विषय लावला. नाक मोजायचे, डोके मोजायचे, कोण श्रेष्ठ कोण कनिष्ठ ते ठरवायचे. गणिताच्या पुस्तकात उदाहरण काय, तर एका वेड्या माणसावर सरकारचा रोजचा खर्च इतका, तर अशा इतक्या माणसांवर किती? म्हणजे त्यांना मारून टाकले तर किती वाचतील, हे गणित पोराने मनातल्या मनात करायचे. १९३८ साली लहान मुलांसाठी चित्रांचे पुस्तक काढले, त्यात ज्यूंना विषारी अळंबीची उपमा दिली. बहुतेक सगळे शिक्षक नाझींच्या शिक्षक संघाचे सभासद झाले. मित्रहो, जर्मनी अडाणी देश नव्हता. त्या काळी जगात शिक्षणासाठी नावाजलेला देश होता. आपल्या बाबासाहेबांनीही १९२२ साली बॉन विद्यापीठात नाव घातले होते. तेव्हा नुसते 'शिका' म्हणून भागत नाही. काय शिका, हेही सांगावे लागते.

आता एक कामगार म्हणून दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. हिटलरने १९३३ साली १ मे, कामगार दिन, थाटामाटात साजरा केला, सुट्टी जाहीर केली. आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे ला, देशभरच्या कामगार युनियनच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना आत टाकले. ज्याला शिस्त शिस्त म्हणतात ना, ती ही. ज्या पोराला हिटलर हवा आहे, त्याच्या बापाची युनियन पहिल्यांदा जाईल.

दुसरी गोष्ट, पोलंडमध्ये वूच नावाचे गिरण्यांचे शहर आहे, काहीजण लॉड्झ असा उच्चार करतात. आपल्याकडे मुंबई तसे तिकडे ते, धुराड्यांचे गाव. तिथे १९४० साली नाझींनी शहराच्या एका भागाला कुंपण घातले आणि दीड लाखावर ज्यूंना त्यात कोंडले. त्यांच्याकडून जर्मन सैन्याचे गणवेश शिवून घेतले, विणून घेतले. अर्धपोटी माणसे, त्यात लहान लहान पोरे, मशीनवर. आपण काम केले तर जगू, असे त्यांना वाटत होते. सप्टेंबर १९४२ मध्ये हुकूम आला की दहा वर्षांच्या आतली मुले, म्हातारे आणि आजारी यांना हवाली करा. पंधरा हजारांवर माणसे नेली आणि मारली. उरलेल्यांना १९४४ च्या ऑगस्टपर्यंत राबवून घेऊन मग छावण्यांत धाडले. गिरणीत सूत तुटले की सांधता येते. ही सुते कोणी सांधायची?

अशा कोंडलेल्या वस्तीला 'घेट्टो' म्हणतात. हा शब्द व्हेनिस शहरातला. १५१६ साली तिथे ज्यूंना एका वेगळ्या भागात ठेवले, रात्री दरवाजे बंद करीत, त्या जागेचे ते नाव. आणि बाबासाहेबांनी आपल्याबद्दल जे लिखाण केले, जे त्यांच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने १९८९ साली पाचव्या खंडात छापले, त्याचे नावच मुळी असे आहे की अस्पृश्य म्हणजे भारताच्या घेट्टोतली लेकरे. गावाबाहेरचा महारवाडा म्हणजे घेट्टो, हे नाते त्यांनी जोडले. एका जनसमूहाला गावकुसाबाहेर कोंडायचे आणि तेच नैसर्गिक आहे असे म्हणायचे, ही युक्ती त्यांनी ओळखली होती. ते कोलंबियाला शिकत होते तेव्हाचे त्यांचे गुरू प्रोफेसर सेलिग्मन हेही ज्यू घराण्यातलेच.

परंतु एक खबरदारी घेतली पाहिजे. आमचे दुःख आणि त्यांचे दुःख एकच, असे मी म्हणत नाही. अस्पृश्यतेत आपल्याला हजारो वर्षे जिवंत ठेवून राबवले. नाझींना ज्यू जिवंतच नको होता. दुःखांची तुलना करून कोणाचे मोठे हे ठरवणे म्हणजे दोन्ही घरांच्या मयतीत माप घेऊन जाणे. फक्त दोन्हीकडे मूळ एक आहे, ते म्हणजे माणसाची किंमत जन्मावरून ठरवणे.

आणि इथेच आपल्या धम्माचा संबंध येतो. हिटलरने कोणता शब्द चोरला? 'आर्य'. आपण रोज विहारात म्हणतो, चार आर्यसत्ये, आर्य अष्टांगिक मार्ग. तथागतांनी त्या शब्दाचा अर्थच बदलून टाकला. आर्य म्हणजे रक्ताने नव्हे, आचरणाने थोर. नीच कोण? तर नीच कर्म करणारा, जन्माने कोणी नीच नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या शब्दातून जन्माचे विष काढून टाकले, त्यात हिटलरने पुन्हा विष भरले. बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते या ग्रंथात आर्य वंशाच्या सिद्धांताची चिरफाड केली. साल लक्षात घ्या, महायुद्ध संपून एकच वर्ष झाले होते. आपले विद्वान तेव्हा कुठे होते? १९३९ साली नागपूरला छापलेल्या एका पुस्तकात जर्मनीने ज्यूंना काढून वंशाचा अभिमान दाखवला, त्यापासून हिंदुस्थानने शिकावे अशा अर्थाचा मजकूर होता. म्हणजे ते वारे इथेही पोचले होते.

आता ज्यू लोक म्हणजे कोणी परदेशी पाहुणे नव्हेत, हेही मुलांना सांगायला हवे. ते आपल्या मराठी मातीतले आहेत. कोकणात अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फार पूर्वी गलबत फुटून सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. पुढे तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांच्या धर्मात काम करीत नाहीत म्हणून गावाने नाव ठेवले 'शनिवार तेली'. स्वतःला ते बेने इस्रायल म्हणतात. आडनावे ऐका, चेऊलकर, राजपूरकर, दिवेकर, पेणकर, केहीमकर. घरात बोली मराठी. १७९६ साली समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनास्थळ बांधले. १८७५ साली हाईम केहीमकर यांनी मुलांसाठी शाळा काढली, तीच पुढे सर एली कदुरी हायस्कूल झाली. आपल्या जिल्ह्यातल्या नर्सीच्या नामदेवांचे कीर्तन आपण ऐकतो ना, त्याच कीर्तनाच्या धाटणीवर ह्या मंडळींनी एकोणिसाव्या शतकात मोझेस, योसेफ यांच्या कथा मराठीत गायल्या. औंढ्याच्या देवळात नामदेवांना पुढून हाकलले म्हणून त्यांनी मागे कीर्तन केले, ही कथा आपल्याकडे लेकराला माहीत आहे. त्यांच्या कीर्तनाचा धागा असा कुठवर गेला बघा.

'बूट पॉलिश' सिनेमातले जॉनचाचा आठवतात का? डेव्हिड. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईत महालक्ष्मीकडून वरळीला जाणारा डॉ. ई. मोझेस रोड आहे. ते डॉ. मोझेस राजपूरकर १९३७ साली मुंबईचे महापौर झाले. जर्मनीत ज्यूचे नागरिकत्व काढून दोन वर्षे झाली होती, आणि इथे मुंबईत ज्यू माणूस शहराचा प्रथम नागरिक होता. रेडिओवर पहाटे आकाशवाणीची जी धून वाजे, ती वॉल्टर कॉफमन यांनी बांधली. हिटलरच्या भीतीने १९३४ साली प्राग शहरातून मुंबईला आलेला तो ज्यू संगीतकार. आणि आपल्या लेकरांच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब टाकले, त्या लशीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते हाफकिन. रशियात ज्यू म्हणून ज्याला प्राध्यापकी मिळेना, त्या हाफकिनने १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था ती त्यांच्याच नावाची.

आणखी एक नाते सांगतो, ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दादरला चैत्यभूमीशेजारी जी इंदू मिल, जिथे बाबासाहेबांच्या स्मारकाची पायाभरणी ११ ऑक्टोबर २०१५ ला झाली, ती इंदू मिल म्हणजे इंडिया युनायटेड मिल्स. ह्या मिल्सचा समूह १९४३ च्या सुमारापर्यंत ई. डी. सासून कंपनीचा होता. सासून म्हणजे बगदादहून आलेले ज्यू घराणे.

पण मी सासूनचे गोडवे गायला उभा नाही. त्या घराण्याने दवाखाने, वाचनालये बांधली तसाच अफूचा धंदाही केला. त्यांच्या गिरण्यांत मजूर पिळला गेला, जसा हिंदू, पारशी मालकांच्या गिरण्यांत पिळला गेला. मालक तो मालक. इथेच ज्यूद्वेषाची खरी मेख आहे. पगार कापला, महागाई झाली, काम गेले की कामगार चिडतो, ते रास्त आहे. तेव्हा कोणीतरी येऊन कानात सांगतो, "अरे, हा मालक त्या जातीचा, त्या जातीचे सगळे असेच." झाले. राग मालकावरून सुटतो आणि शेजारच्या गरीब तेल्यावर, शिंप्यावर जाऊन पडतो. मालक सुखरूप राहतो. जर्मनीत नेमके हेच झाले. आपल्याकडे उलट्या बाजूने तेच झाले. मुंबईच्या गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसांना घेत नसत, कारण धाग्याला तोंड लावावे लागे आणि बाकीच्या कामगारांना विटाळ होई. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनपुढे ठेवला. आपल्याला मालकानेच नव्हे, सोबतच्या कामगारानेही अडवले होते.

काहीजण म्हणतात, महाराष्ट्राने ज्यूंना कधी त्रास दिला नाही, आपण किती सहिष्णु! हे पुष्कळसे खरे आहे आणि त्याचा अभिमान असावा. परंतु ज्या कुलाबा जिल्ह्यात शनिवार तेली सुखाने नांदले, त्याच कुलाबा जिल्ह्यात महाड होते. परधर्मीयांना चालणारे चवदार तळ्याचे पाणी आपल्याला चालत नव्हते, म्हणून २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. तेव्हा सहिष्णुतेचे प्रमाणपत्र जपून वाटावे. आणि भेदभाव कुठेही शिरतो. बेने इस्रायलांतही गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. पुढे ते इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेऊन लग्नात अडथळे आणले. त्यांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ साली ते पूर्ण ज्यू असल्याचे मान्य झाले. आपल्यातही पोटजात पाहून सोयरीक करणारे आहेत, त्यांनी यातून बोध घ्यावा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात नरीमन हाऊसमध्ये रब्बी होल्ट्झबर्ग, त्यांची पत्नी आणि आणखी चौघे मारले गेले. मुद्दाम ज्यू शोधून मारले. म्हणजे ज्यूद्वेष आपल्या महाराष्ट्राच्या दाराशी येऊन गेला आहे. त्यांचे लहान मूल वाचवले ते त्या घरी काम करणाऱ्या आपल्या एका भारतीय बाईने. हे मुलांना सांगा.

आता तरुण मंडळी विचारतील, काका, गाझामध्ये काय चालले ते बघता ना? बघतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्रायलमध्ये सुमारे बाराशे माणसे मारली, ते पाप. त्यानंतर इस्रायलच्या हल्ल्यांत गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे पन्नास हजारांवर माणसे मेली, त्यात हजारो लेकरे, तेही पाप. सरकारचा निषेध जरूर करावा. पण एका सरकारच्या कृत्याचा जाब अलिबागच्या किंवा ठाण्याच्या ज्यू शेजाऱ्याला विचारायचा नाही. एका माणसाच्या गुन्ह्यासाठी सगळी वस्ती जाळणे म्हणजे काय, हे मराठवाड्याने १९७८ साली पाहिले आहे. नामांतराचा ठराव झाला मुंबईत, आणि घरे जळाली खेड्यापाड्यातल्या आपल्या गोरगरिबांची.

हिटलरने सुभाषबाबूंना मदत केली, म्हणजे तो आपला मित्र, असेही पोरे म्हणतात. त्यांना सांगा, त्याने आपल्या पुस्तकात हिंदुस्थान इंग्रजांच्याच ताब्यात असलेला बरा अशा अर्थाचे लिहून ठेवले आहे, आणि नेताजींनी त्याबद्दल नापसंती दाखवली होती. त्याच्या वंशाच्या उतरंडीत आपल्यासारख्या काळ्यासावळ्यांची जागा कुठे असती, हे आरशात पाहून ओळखावे. शेवटी ३० एप्रिल १९४५ ला तो स्वतःला गोळी घालून मेला, आणि मागे राहिला तो जळका, दोन तुकडे झालेला जर्मनी.

मग करायचे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी सुचवतो.

पहिली, शाळेत हा धडा नीट शिकवला जावा असा पालकांनी आग्रह धरावा. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या नववीच्या इतिहासात २००६ पासून नाझीवादावर स्वतंत्र धडा आला. त्यात शाळेत मुलांची मने कशी घडवली तेही दिले. ज्यांची मुले नवोदयला शिकली त्यांच्याकडे ते पुस्तक असेल, ते इतर मुलांना वाचायला द्या.

दुसरी, आकडे पाठ करून घेऊ नका. साठ लाख म्हटल्यावर मुलाच्या डोळ्यापुढे काहीच येत नाही. एका मुलीची गोष्ट सांगा. ॲन फ्रँकची रोजनिशी मराठीत आली आहे. थोड्या मोठ्या मुलांना वि. ग. कानिटकरांचे 'नाझी भस्मासुराचा उदयास्त' द्या. लहान मुलांना प्रेतांची चित्रे दाखवू नका, आणि वर्गात 'तू नाझी हो, तू ज्यू हो' असला खेळ घेऊ नका. त्याने समज येत नाही, भीती तरी येते नाहीतर मजा तरी.

तिसरी, पायऱ्या शिकवा. कुठल्या दिवशी काय झाले, आणि त्या दिवशी शेजाऱ्याने, मास्तराने, पोलिसाने काय करायला हवे होते, हे मुलांना विचारा. मग आपल्या वर्गाकडे वळा. कोणाचे आडनाव विचारून चेहरे बदलतात? कोणाचा डबा कोणी खात नाही? कोणत्या मुलाला धर्मावरून चिडवतात, आणि त्यात आपलेही पोर आहे का? मुसलमान मुलाला टोमणा मारणारा आपला पोरगा असेल तर घरी आधी त्याला समजवा.

चौथी, याला संविधानाची जोड द्या. जर्मनीतही संविधान होते. २३ मार्च १९३३ ला संसदेने कायदे करायचा अधिकार हिटलरच्या सरकारच्या हाती दिला, आणि संविधान कागदावर राहिले. आपल्या संविधानाचे कलम १४, १५ आणि १७ हे न्यूरेंबर्ग कायद्यांच्या नेमके उलट आहेत. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेबद्दल इशारा दिला, की तो रस्ता हुकूमशाहीकडे जातो. ज्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, त्या घरातल्या पोराने 'हिटलर पाहिजे' म्हणणे शोभत नाही.

पाचवी गोष्ट विहाराने करावी. २७ जानेवारी १९४५ ला आउशवित्झची छावणी मुक्त झाली. संयुक्त राष्ट्रांनी २००५ साली तो दिवस ज्यू संहाराचा स्मृतिदिन म्हणून ठरवला. आपला २६ जानेवारी झाला की दुसराच दिवस. त्या संध्याकाळी मुलांना इथे जमवावे. पोलंडमध्ये वॉर्सा शहराच्या घेट्टोत यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथाश्रम चालवीत. १८ जुलै १९४२ रोजी त्यांनी त्या मुलांकडून नाटक करवून घेतले. कोणते? आपल्या रवींद्रनाथ टागोरांचे 'डाकघर'. खिडकीत बसून बाहेरच्या जगाची वाट बघणाऱ्या आजारी पोराचे नाटक. तीनेक आठवड्यांनी त्या सुमारे दोनशे मुलांना नेले. डॉक्टरांना स्वतःला वाचवण्याच्या संधी आल्या होत्या, पण ते मुलांबरोबर गेले आणि मुलांबरोबर मेले. आपल्या देशाचे नाटक तिथल्या लेकरांच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्यापाशी होते. ते नाटक आपल्या विहारात आपल्या मुलांनी करावे, असे मला फार वाटते. त्याला खर्च लागत नाही. एक खाट आणि एक खिडकी लागते.

त्याच घेट्टोत रिंगेलब्लूम नावाच्या इतिहासकाराने मित्रांना जमवून रोजचे हाल, रेशनचे कागद, मुलांचे निबंध गोळा केले आणि पत्र्याच्या पेट्यांत, दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरले. लिहिणारे बहुतेक सगळे मेले, पण १९४६ आणि १९५० साली ते कागद सापडले आणि मारणाऱ्यांचे खोटे उघडे पडले. आपल्याकडे १९७८ पाहिलेली, नामांतरासाठी तुरुंगात गेलेली, १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहिलेली माणसे आता म्हातारी झाली. काही गेली. त्यांच्या तोंडून ऐकून मुलांनी वहीत लिहून घ्यावे आणि त्या वह्या विहाराच्या कपाटात ठेवाव्यात. दुसऱ्यांचा इतिहास मनापासून शिकणारे मूल स्वतःच्या आजीलाही नीट प्रश्न विचारू लागते.

आपण रोज सगळ्या प्राणिमात्रांच्या सुखाची कामना करतो. त्या 'सगळ्या'त ज्याला आपण कधी पाहिले नाही तोही येतो, नाहीतर ती नुसती घोकंपट्टी. आपल्यावर अन्याय झाला तेव्हा जगाने आपले ऐकावे असे आपल्याला वाटते. मग दुसऱ्याचेही आपण ऐकले पाहिजे. येत्या २७ जानेवारीला ज्या मुलांना नाटकात काम करायचे असेल त्यांनी आजच समितीकडे नावे द्यावीत, एवढी विनंती करून माझे भाषण संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!